आपल्या बोलीचे ध्वनिमुद्रण आणि मोजमाप: खोलीपासून आलेखापर्यंतचे टप्पे

घरातल्या वडीलधाऱ्यांची किंवा गावाकडच्या शेजाऱ्यांची बोली ध्वनिमुद्रित करावी, आणि ती केवळ ऐकण्यासाठी न ठेवता तिच्यातील उच्चारांचे मोजमापही करावे, अशी इच्छा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना, नाटकासाठी बोली शिकणाऱ्या नटांना आणि वाचा-उपचाराचे शिक्षण घेणाऱ्यांना अनेकदा होते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि बरा मायक्रोफोनही आवाक्यात आला आहे. तरीही सुरुवातीच्या मुद्रणांतून हाती येणारे आकडे बहुधा निरुपयोगी ठरतात, कारण नवखा माणूस बोलणाऱ्याकडे पूर्ण लक्ष देतो आणि खोलीकडे अजिबात देत नाही.

मायक्रोफोनपर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीत बोलणाऱ्याचा आवाज, खोलीने त्यात घातलेली भर आणि यंत्राने केलेला फेरफार अशा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एकदा मिसळल्यावर त्या पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत. गोंगाट काढून टाकणारी साधने कानाला सुखद परिणाम देतात, पण मोजायचा उच्चारही बदलून टाकतात. म्हणून पुढील टप्प्यांचा मोठा भाग खोली आणि मायक्रोफोन यांनाच दिला आहे, आणि सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचायला थोडा धीर धरावा लागेल.

काय काय हवे

– वेव्ह स्वरूपात (आवाजातील काहीही न गाळता साठवणाऱ्या फाइलीत) मुद्रण करणारा रेकॉर्डर, किंवा तशी सोय असलेले अ‍ॅप घातलेला फोन
– कानामागून तोंडाजवळ येणारा हेडसेट मायक्रोफोन किंवा कॉलर माइक, त्यावरची फोमची टोपी, आणि ऐकून तपासण्यासाठी तारेचा हेडफोन
– मोजपट्टी (ही घरी विसरू नका, तिचे काम पाचव्या टप्प्यात कळेल)
– दोन-तीन गोधड्या किंवा जाड चादरी, आणि त्या टांगण्यासाठी दोरी
– मराठीत छापलेले संमतिपत्र आणि बोलणाऱ्याच्या माहितीचा तक्ता: वय, जन्मगाव, आयुष्याची बहुतेक वर्षे कुठे गेली, घरात कोणत्या भाषा बोलल्या जातात, शिक्षण किती
– संगणकावर ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केले असून जगभरचे ध्वनिविज्ञानाचे अभ्यासक ते वापरतात. ते विनामूल्य आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते.

१. आधी प्रश्न ठरवा

‘बोलीचा अभ्यास करायचा आहे’ एवढे पुरेसे नाही, कारण कोणता आवाज मोजायचा यावर खोली, माइक आणि शब्दयादी हे सगळेच अवलंबून असते. खानदेशातील लेवा बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तेथे ‘ळ’च्या जागी नेमके काय येते, आणि वयस्कर व तरुण बोलणाऱ्यांत त्यात फरक आहे का, हा चांगला प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर स्वर आणि ‘ळ’ यांच्या सांध्यावर मोजता येते. ‘च’चे दोन उच्चार कसे वेगळे पडतात हाही तितकाच चांगला प्रश्न आहे, परंतु त्याची खूण फार वरच्या वारंवारतांत असल्यामुळे त्याला मुद्रणाचा दर्जा अधिक चांगला लागतो. एका बैठकीसाठी एक, फार तर दोन प्रश्न घ्यावेत.

डेक्कन कॉलेज, पुणे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील मुद्रणे ऐकायला उपलब्ध आहेत. प्रश्न ठरवण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याची मुद्रणे शांतपणे ऐकावीत; काय विचारण्याजोगे आहे ते कानालाच सुचू लागते.

२. खोली ऐका

खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि गप्प राहा. टाळीनंतर मागे रेंगाळणारी शेपटी म्हणजे निनाद. प्रतिध्वनी स्वतंत्रपणे ऐकू यायला परावर्तक पृष्ठभाग १७.२ मीटर तरी दूर असावा लागतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत प्रतिध्वनी नाही, म्हणजे काही अडचण नाही, असा समज होतो. परंतु लहान खोलीत परावर्तित ध्वनी इतक्या लवकर आणि इतक्या संख्येने परत येतात की ते वेगळे ऐकू न येता मूळ उच्चाराला चिकटतात, आणि मोजमापाला घातक असतात ते नेमके हेच.

ध्वनीची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी १८९५च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोललेले नीट कळत नाही या तक्रारीवरून प्रयोग सुरू केले आणि त्यांतून एक साधे सूत्र दिले: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे (शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले तो ध्वनीचा जेवढा भाग शोषतो तेवढा, यांची बेरीज).

हे सूत्र आपल्या घराला लावून पाहण्यासारखे आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीचे घनफळ ३६ घनमीटर भरते, आणि भिंती, फरशी व छत मिळून ६६ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. गिलावा आणि टाइल्स आपल्यावर पडलेल्या ध्वनीच्या जेमतेम तीन-चार टक्के एवढाच भाग शोषतात. चार टक्के धरले तर एकूण शोषण सुमारे २.६ चौरस मीटर येते आणि निनादकाल सव्वादोन सेकंदांच्या आसपास जातो. नव्या, रिकाम्या फ्लॅटमध्ये बोलणे का घुमते, त्याचे उत्तर एवढेच आहे.

३. निनाद कमी करा

त्याच खोलीत गादी आणि टांगलेल्या गोधड्या मिळून सहा चौरस मीटर जाड कापड आणले, दोन माणसे बसली आणि कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवले, तर शोषणात साधारण पाच चौरस मीटरची भर पडते आणि निनादकाल पाऊण सेकंदावर येतो. बाजारातून काही विकत न आणता झालेली ही सुधारणा आहे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पातळ पुठ्ठा बोलण्याच्या महत्त्वाच्या वारंवारतांत फारसे काही शोषत नाही.

गोधडी भिंतीला चिकटवून लावण्यापेक्षा भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगावी, म्हणजे तीच गोधडी खालच्या वारंवारतांवरही अधिक काम करते. कापड कमी असेल तर ते आधी बोलणाऱ्याच्या पाठीमागे लावावे, कारण समोरून आवाज घेणारा माइक बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंतही ‘पाहत’ असतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींच्या बरोबर मध्ये बोलणाऱ्याला बसवू नये, आणि कोपऱ्यातही बसवू नये.

गावाकडे अनेकदा याहून सोपा मार्ग असतो. शेणाने सारवलेली जमीन, कौलारू छप्पर आणि धान्याची पोती असलेली खोली शहरातल्या बैठकीच्या खोलीपेक्षा खूपच कमी घुमते. वारा पडलेला असताना मोकळ्या अंगणात निनाद जवळजवळ नसतोच, पण तेथे गोंगाट असतो, आणि तो पुढचा टप्पा आहे.

४. गोंगाट शोधून काढा

डोळे मिटून मिनिटभर ऐका आणि जे जे ऐकू येईल ते लिहून काढा. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, चोक असलेली ट्यूबलाइट, शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, कावळे. यांतले जे बंद करता येते ते बंद करा. फ्रिज बंद केल्यास नंतर सुरू करायची आठवण राहावी म्हणून संमतिपत्रावरच तशी नोंद करावी. भारतातील वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे विजेच्या उपकरणांचा गुणगुणाट ५०, १००, १५० हर्ट्झ असा येतो. पुरुषांच्या आवाजाची मूलभूत वारंवारता (स्वरतंतूंच्या कंपनांची वारंवारता) बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान असते, म्हणजे हा गुणगुणाट नेमका आपण मोजणार असलेल्या पट्ट्यात येऊन बसतो. म्हणून चार्जर काढून बॅटरीवरच मुद्रण करावे. भारनियमनाची वेळ आधी विचारून घ्या: वीज गेलेली असताना गावात जी शांतता होते, ती मुद्रणासाठी फार मोलाची असते.

कोकणात पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मुद्रण करण्याचा प्रयत्नच करू नये. संध्याकाळी रातकिडे सुरू झाल्यावरही थांबावे. त्यांची किरकिर काही हजार हर्ट्झवर असते, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या उच्चारांतील घर्षणाची ऊर्जाही तेथेच असते. कान दोन्ही वेगळे ओळखतो, पण आलेखात ते एकमेकांवर पडतात.

गोंगाटाचा दुसरा परिणाम अधिक छुपा आहे. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११मध्ये दाखवून दिले की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. नंतरच्या अभ्यासांतून असेही दिसले की त्याबरोबर आवाजाची पट्टी वर जाते, स्वर लांबतात आणि त्यांचा पोतही बदलतो. म्हणजे पंखा चालू असताना केलेल्या मुद्रणातून तुम्ही पंख्याचा आवाज कितीही कौशल्याने काढलात, तरी बोलणाऱ्याने पंख्यावर मात करण्यासाठी बदललेले बोलणे तसेच उरते. दोन माणसांची तुलना करायची असेल आणि एकाच्या वेळी पंखा चालू व दुसऱ्याच्या वेळी बंद असेल, तर ती तुलना करूच नये.

५. माइकचे अंतर मोजा

नवख्याने एकच गोष्ट काटेकोरपणे पाळायची असेल तर ती ही पाळावी. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. एक मीटरवर ठेवलेला माइक साडेबारा सेंटिमीटरवर आणला तर अंतर तीनदा निम्मे होते आणि १८ डेसिबलचा फायदा होतो. खोलीचा निनाद आणि गोंगाट मात्र होते तेवढेच राहतात.

थेट आवाज आणि निनाद ज्या अंतरावर सारखेच होतात, त्या अंतराचाही हिशेब करता येतो: घनफळाला निनादकालाने भागून त्याचे वर्गमूळ काढायचे आणि ०.०५७ने गुणायचे, म्हणजे अंतर मीटरमध्ये मिळते. आपल्या ३६ घनमीटरच्या खोलीत, गोधड्या लावून निनादकाल पाऊण सेकंदावर आणल्यानंतरही, हे अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपासच येते. याचा अर्थ असा की टेबलावर मध्येच फोन ठेवून दोघांनी गप्पा मारल्या, तर त्या मुद्रणात माणसापेक्षा खोली जास्त असते. गप्पा म्हणून ते मुद्रण जपून ठेवण्यासारखे असेल, मोजमापासाठी ते चालणार नाही.

हेडसेट माइक असेल तर तो ओठांच्या कोपऱ्यापासून तीन ते पाच सेंटिमीटरवर, थोडा बाजूला ठेवावा. स्टँडवरचा माइक असेल तर १५ ते २० सेंटिमीटरवर आणि तोंडासमोर सरळ न ठेवता तिरका ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या श्वासाचा झोत त्यावर आदळणार नाही. हे अंतर मोजपट्टीने मोजून तक्त्यात लिहावे आणि पुढच्या प्रत्येक माणसासाठी तेच ठेवावे. एका दिशेने ऐकणारे माइक तोंडाच्या फार जवळ आणले की खालच्या वारंवारता फुगवतात, हेही लक्षात असू द्यावे. हेडसेट घातल्यावर काहींना अवघडल्यासारखे होते. अशा वेळी तो त्यांच्या हातात द्यावा, स्वतः घालून दाखवावा, चहा होऊ द्यावा आणि मग बसावे.

६. यंत्राची मांडणी

मुद्रण वेव्ह स्वरूपातच करावे, आणि सेकंदाला ४४,१०० नमुने व १६ बिट हे किमान धरावे. ४८,००० नमुने आणि २४ बिट मिळत असतील तर अधिक चांगले. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता पकडता येतात, हा नियम येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. पारंपरिक टेलिफोनचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच असतो. त्यात ‘स’ची बहुतेक ऊर्जा कापली जाते आणि पुरुषाच्या आवाजाची मूलभूत वारंवारताही थेट येत नाही. म्हणून फोनवरचे संभाषण किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आवाज मोजमापासाठी घेऊ नये. फाइल लहान करून पाठवताना आवाजातील काही भाग टाकून दिलेला असतो, आणि नंतर फाइल वेव्हमध्ये बदलली तरी तो परत येत नाही.

आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट दाबणारी सर्व सोय बंद करा. फोनमध्ये ही सोय अनेकदा लपलेली असते आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये शोधावी लागते. ती चालू राहिली तर बोलणारा थांबल्यावर यंत्र स्वतःच पातळी वाढवते, आणि मग हळू बोललेले व मोठ्याने बोललेले यांतला फरक आलेखात दिसत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाला रेकॉर्डरचा पातळी दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास यावा अशी पातळी ठेवावी. आवाज शून्यावर आपटून कापला गेला तर ते मुद्रण दुरुस्त होत नाही. पातळी कमी राहिली तर चालते, आणि २४ बिटमध्ये तर निश्चिंतपणे चालते.

७. शब्दयादी आणि वाक्ये

सुटा शब्द वाचायला सांगितला की माणूस यादी वाचल्यासारखा वाचतो: शेवटचा स्वर लांबतो, आवाज खाली उतरतो. म्हणून प्रत्येक शब्द एकाच साच्यात घालावा, जसे ‘आता … म्हण’. शब्दाच्या आधी नेहमी ‘आ’ येतो आणि नंतर नेहमी ‘म’, त्यामुळे सीमा ओळखायला सोप्या जातात. ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘मूळ’ आणि ‘मूल’ अशा जोड्या घ्याव्यात, त्या एकमेकांलगत न ठेवता यादीत विखराव्यात, प्रत्येक शब्द पाच वेळा यावा, आणि यादीच्या सुरुवातीला व शेवटी काही भरीचे शब्द ठेवून ते मोजू नयेत.

देवनागरीवर अवलंबून राहण्यात दोन धोके आहेत. पहिला ‘च’ आणि ‘ज’ यांचा. ‘शंभर वर्षं जग’ यातला ‘जग’ आणि ‘सगळं जग’ यातला ‘जग’ लिपीत सारखेच आहेत, उच्चारात नाहीत. ‘गुरं चार’ ही आज्ञा असेल तर एक उच्चार, आणि गुरांची संख्या असेल तर दुसरा. असे शब्द साच्यात घालून वाचायला दिले तर बोलणारा कोणता उच्चार करील ते सांगता येत नाही, म्हणून अर्थ उघड करणारे पूर्ण वाक्य द्यावे किंवा प्रश्न विचारून उत्तरात तो शब्द काढून घ्यावा. दुसरा धोका ऱ्हस्व-दीर्घाचा. लिपीत वेलांटी पहिली की दुसरी, यावरून बोलण्यातील स्वराची लांबी गृहीत धरू नये. मराठीत ती शब्दातील जागेवर फार अवलंबून असते. लांबी मोजायची असेल तर ती मोजूनच ठरवावी.

वाचता न येणाऱ्या किंवा चष्म्याचा त्रास असणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी चित्रे किंवा प्रत्यक्ष वस्तू न्याव्यात. शब्द आपण उच्चारून ‘हे म्हणा’ असे सांगू नये, कारण पाहुण्याचा उच्चार तसाच परत करणे हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे, आणि मग ‘डोया’ म्हणणारी आजीही तुमच्यासाठी ‘डोळा’ म्हणते.

८. प्रत्यक्ष मुद्रण

संमती आधी घ्यावी: मुद्रण कशासाठी आहे, कोण ऐकणार आहे, नाव लपवायचे की नाही आणि नंतर नको वाटल्यास ते काढून टाकता येईल का, हे साध्या शब्दांत सांगावे. सही करता येत नसेल तर तोंडी संमती मुद्रित करावी. त्यानंतर सर्वांनी गप्प बसून अर्धा मिनिट केवळ खोलीचे मुद्रण करावे. हे अर्धे मिनिट बहुतेक जण विसरतात, आणि गोंगाटाची पातळी मोजण्याचे दुसरे कोणतेही साधन नंतर उरत नाही. मग तारीख, ठिकाण, माइकचे अंतर आणि बोलणाऱ्याचा क्रमांक आपण स्वतः बोलून नोंदवावा.

मुद्रण चालू असताना ‘हं’, ‘बरोबर’ असे म्हणण्याची सवय आवरून मान हलवावी. बांगड्या, पानाचा डबा, कागदाची सळसळ यांकडे लक्ष ठेवावे. दर वीस मिनिटांनी विश्रांती द्यावी. थकलेला आवाज वेगळा असतो. यादी संपल्यावर लगेच उठू नका. मोकळ्या गप्पांची दहा-पंधरा मिनिटे मुद्रित करावीत, कारण यादीत जपून केलेला उच्चार गप्पांत टिकतो का, हे पाहणेच अनेकदा सर्वांत उद्बोधक ठरते.

९. प्राटमध्ये उघडा आणि आधी तपासा

‘ओपन’ या मेनूतून फाइल वाचून घ्या, ती निवडा आणि ‘व्ह्यू अँड एडिट’ दाबा. वर आवाजाची लहर आणि खाली करड्या छटांचा स्पेक्ट्रोग्राम दिसतो: आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा, आणि जेथे काळेपणा अधिक तेथे ऊर्जा अधिक.

मोजायला लगेच सुरुवात करू नका. आधी बोललेल्या भागाची सरासरी तीव्रता आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेची तीव्रता यांची वजाबाकी करा. फरक ३० डेसिबलहून अधिक असेल तर पुढे जावे. २०हून कमी असेल तर मुद्रण पुन्हा करणे उत्तम. प्राट दाखवते तो डेसिबलचा आकडा खोलीतील खऱ्या पातळीचा नसतो, कारण यंत्राचे प्रमाणीकरण केलेले नसते. एकाच मुद्रणातील दोन आकड्यांच्या फरकालाच अर्थ आहे.

मग ‘क’, ‘त’, ‘प’ यांच्या आधीची बंद जागा पाहा. जीभ किंवा ओठ पूर्ण मिटलेले असतात त्या क्षणी अघोष (स्वरतंतू न कंपवता उच्चारलेल्या) व्यंजनात शांतता असायला हवी. निनादकाल १.२ सेकंद असेल तर आवाज १०० मिलिसेकंदांत केवळ ५ डेसिबलने उतरतो, आणि ‘मका’तल्या ‘क’ची बंद जागा साधारण ८० मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात मागच्या स्वराचा निनाद जेमतेम ४ डेसिबलने खाली येतो आणि ‘क’ची शांतता भरून काढतो, आलेखात तो ‘ग’सारखा दिसू लागतो. बंद जागा स्वच्छ दिसत नसेल, तर अघोष-सघोष यांविषयी त्या मुद्रणातून काहीही निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर ‘अ‍ॅनोटेट’ मेनूतून टेक्स्टग्रिड (आवाजाखाली वेळेनुसार खुणा लिहिण्याचा तक्ता) तयार करावे, त्यात वाक्य, शब्द आणि ध्वनी असे तीन स्तर ठेवावेत आणि सीमा हाताने आखाव्यात. खुणा देवनागरीत लिहिता येतात; मात्र साठवताना मजकुराची सांकेतिक पद्धत यूटीएफ-८ निवडावी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे फुटत नाहीत.

१०. काय मोजायचे आणि कुठे फसायला होते

मूलभूत वारंवारता म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा उघडमीट करतात ते. मोजण्याची मर्यादा पुरुषांसाठी ७५ ते ३००, स्त्रियांसाठी १०० ते ५०० हर्ट्झ अशी ठेवून सुरुवात करावी. वयस्कर माणसांचा आवाज वाक्याच्या शेवटी चरचरतो, आणि तेथे सॉफ्टवेअर अचानक निम्मा किंवा दुप्पट आकडा देते. रेषेत अशी उडी दिसली की लहर मोठी करून कंपने हाताने मोजावीत.

फॉर्मंट म्हणजे स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतच्या पोकळीची अनुनादी वारंवारता. ही पोकळी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद असलेल्या तेवढ्याच नळीचे अनुनाद ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास येतात, आणि जीभ-ओठ हलले की ते इकडेतिकडे सरकतात. पहिला फॉर्मंट तोंड उघडले की वर जातो, म्हणून तो ‘आ’मध्ये जास्त आणि ‘ई’, ‘ऊ’मध्ये कमी असतो, दुसरा जीभ पुढे आली की वाढतो, म्हणून ‘ई’मध्ये दोन हजारांच्या वर आणि ‘ऊ’मध्ये हजाराच्या खाली दिसतो. प्राटमध्ये पाच फॉर्मंटसाठी कमाल मर्यादा पुरुषांना ५००० आणि स्त्रियांना ५५०० हर्ट्झ ठेवावी. हा आकडा न बदलता सर्वांना एकच मर्यादा लावणे ही फार वेळा होणारी चूक आहे. मोजमाप स्वराच्या मध्यावर घ्यावे, आणि लाल ठिपके स्पेक्ट्रोग्रामच्या काळ्या पट्ट्यांवर बसले आहेत का हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे. उंच पट्टीच्या आवाजात, विशेषतः मुलांच्या, स्वरावली (मूलभूत वारंवारतेच्या पटींत येणारे स्वरांश) विरळ असल्याने फॉर्मंटचा आकडा कमी विश्वासार्ह असतो. पुरुष आणि स्त्रीचे फॉर्मंट थेट ताडून बोलीभेद सांगू नये. आधी प्रत्येक बोलणाऱ्याचे आकडे त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या तुलनेत मांडावेत.

‘ळ’ मूर्धन्य असल्यामुळे जीभ मागे वळू लागते तेव्हाच, म्हणजे आधीच्या स्वराच्या शेवटी, तिसरा फॉर्मंट खाली येऊ लागतो. ‘वेल’मध्ये ही उतरण नसते. ‘डोया’ म्हणणाऱ्यांच्या आलेखात तिच्याऐवजी दुसरा फॉर्मंट ‘ई’च्या दिशेने वर चढतो.

‘च’च्या दोन उच्चारांत घर्षणाची ऊर्जा पाहावी. ‘चार बैल’ यातल्या तालव्य उच्चारात ती ‘श’प्रमाणे खालून, अडीच-तीन हजार हर्ट्झपासून सुरू होते, ‘चारा’ यातल्या दंततालव्य उच्चारात ती ‘स’प्रमाणे बरीच वर सरकलेली असते. स्पेक्ट्रोग्रामची कमाल मर्यादा नेहमीच्या ५००० हर्ट्झवर राहिली तर हा फरक पडद्याबाहेरच राहतो, म्हणून ती १०,०००पर्यंत वाढवावी.

मराठीचे महाप्राण मोजताना थोडा अधिक वेळ द्यावा, कारण आपल्या भाषेचे ते वैभव आहे. ‘प’ आणि ‘ब’ यांत फरक स्वरतंतू केव्हा कंप पावू लागतात याचा आहे: ‘ब’मध्ये ओठ उघडण्याआधीच तळाशी कंपनाची पट्टी दिसते, ‘प’मध्ये ओठ उघडल्यावर थोड्याच वेळाने कंप सुरू होतो, आणि ‘ख’, ‘थ’मध्ये मध्ये लांब श्वास येतो. ‘फ’ अनेकजण ओठ पूर्ण न मिटता घर्षणाने उच्चारतात, तेव्हा त्यात स्फोटाची उभी रेघ मिळणार नाही. ‘भ’, ‘ध’, ‘घ’ यांत कंपन आणि श्वास एकाच वेळी चालतात, आणि त्याचा प्रभाव पुढच्या स्वराच्या सुरुवातीवर पडतो: तेथे पहिला स्वरांश (मूलभूत वारंवारतेचा) दुसऱ्यापेक्षा (तिच्या दुपटीच्या) ठळकपणे मोठा होतो. ‘म्हणून’मधला ‘म्ह’, ‘न्हावी’मधला ‘न्ह’ आणि ‘कोल्हापूर’मधला ‘ल्ह’ येथेही हीच खूण शोधावी. ही खूण नाजूक असते. घुमणाऱ्या खोलीत, दूरच्या माइकवर किंवा ५० हर्ट्झच्या गुणगुणाटात ती सर्वांत आधी नाहीशी होते.

११. साठवण

मूळ फाइल कधीही बदलू नये. कापणे, पातळी वाढवणे हे सर्व प्रतीवर करावे. फाइलची नावे रोमी लिपीत, मोकळी जागा न सोडता आणि बोलणाऱ्याच्या नावाऐवजी क्रमांकाने द्यावीत. त्या क्रमांकाचा तक्ता वेगळ्या जागी, कुलपाखाली ठेवावा. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी असावी. संमतीत तसे म्हटले असेल तर आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घालून, टीव्हीला लावून ऐकता येईल अशा साध्या स्वरूपात, बोलणाऱ्याच्या घरी त्याच आठवड्यात पोहोचती करावी.